तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घुसवण्याचे रामबाण उपाय

तुमच्या कंपनीनं नवं नेटवर्क कार्ड काढलं, अभिनंदन. आता त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, घालायचाय आणि मॅनेजरसाहेबांनी तिमाही संपायच्या आत म्हणून सांगितलंय. काळजी नको. गेल्या पंधरवड्यात एका टीमनं मला जे शिकवलं, ते सगळं इथं फुकट देतोय. तसा कर्नलसाठी आलेल्या ड्रायव्हरांचा रिव्ह्यूही, म्हणजे कोड तपासणंही, मी फुकटच करतो. रात्री, जेवणं आटोपली आणि पोरगी झोपली की.

आधी मुहूर्त बघा. मर्ज विंडो (साठलेले बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) उघडली की नेट-नेक्स्ट, म्हणजे नव्या नेटवर्क कोडची शाखा, साधारण दोन आठवडे बंद असतं, तेव्हा नवं काही पाठवू नका, असं लिहून ठेवलेलं असतं. नेमकं तेव्हाच पाठवा. पितृपक्षात साखरपुडा केलात तर निदान हॉल तरी स्वस्तात मिळतो, इथं तेवढाही फायदा नाही. पण पाठवा.

सगळा ड्रायव्हर एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात, कोंबा. मालिकेत १५ च्या वर पॅच नकोत ना? मग एकच. १८ हजार ओळींचा. बदलाचं वर्णन, म्हणजे कमिट मेसेज : ‘इनिशियल कमिट’.

कव्हर लेटरमध्ये मात्र हात आखडू नका. नमनाला घडाभर तेल ओता. कंपनी किती आघाडीची, कार्ड किती वेगवान, क्लाउडमध्ये त्याचं भवितव्य किती उज्ज्वल. कार्डाला रांगा किती, रीसेट कसं होतं, तपासणी कशावर केली, असल्या क्षुल्लक गोष्टींनी वाचकाला शिणवू नका.

पॅचचा मेल ऑफिसच्या आउटलुकमधूनच पाठवा. टॅबच्या स्पेस होतात, ओळी मधेच तुटतात, पॅच लागत नाही. खाली कायदा विभागाची तळटीप हवीच : हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास त्वरित नष्ट करावा. जीपीएल या खुल्या परवान्याचा कोड, वर तो देण्याचा हक्क असल्याची साइन्ड-ऑफ-बाय ही सही आणि खाली ही धमकी! खरं सांगतो, नष्ट करायचा मोह मलाही झाला होता.

व्हेरिएबलच्या घोषणांच्या ओळी लांबपासून आखूडकडे मांडा म्हणतात. दुर्लक्ष करा.

तोच कोड विंडोजवरही चालला पाहिजे, म्हणून कर्नलच्या प्रत्येक फंक्शनवर आपल्या नावाचं टोपरं चढवा. मेमरी मागणाऱ्या के-मॅलॉकला स्वतःचं नाव, स्पिनलॉक या कुलपाला स्वतःचं नाव, प्रिंटलाही. ईथटूल या नेहमीच्या साधनातून जे सहज बदलता येतं, त्यासाठी चौदा मॉड्यूल पॅरामीटर काढा. रिव्ह्यू करणाऱ्यानं आधी तुमची बोली शिकावी, मग कोड वाचावा.

आता मुख्य कला : शेऱ्यांना उत्तर देणं. प्रत्येक शेऱ्याखाली ‘डन’ लिहायचं. केलं नाही तरी. मी पहिल्याच वाचनात लिहिलं होतं की ट्रान्समिट अडकल्यावर चालणाऱ्या टाइमआउटच्या फंक्शनमध्ये तुम्ही स्पिनलॉक धरता आणि तो धरलेला असतानाच एमस्लीप ५०० करता. अर्धा सेकंद झोप! तिथं झोपायची मुभाच नाही, रीसेटचं काम वर्कक्यूकडे, म्हणजे झोपायची मुभा असलेल्या कामांच्या रांगेकडे, सोपवा. उत्तर आलं, ‘डन’. दुसऱ्याच दिवशी, चोवीस तासही न थांबता, व्ही-टू, म्हणजे दुसरी आवृत्ती, हजर. उघडून बघतो तर एमस्लीप ५०० चं एमस्लीप २०० झालेलं. पुन्हा सविस्तर लिहिलं, कर्नल नेमका काय म्हणून बोंबलेल तेही लिहिलं. उत्तर : ‘आमच्या लॅबमध्ये नीट चालतं.’ अहो, टाइमआउट आलाच नाही तर चालणारच! डीबगचा पर्याय चालू करून एकदा तरी ट्रान्समिट अडवून पाहिलंत? व्ही-थ्रीमध्ये ती ओळ एका मॅक्रोत गेली. मॅक्रोचं नाव बदललं, झोप तीच. डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वापरू देणं) फसलं तर काय, हा प्रश्न तर तिन्ही वेळा गिळला. आणि मध्ये दर सहा तासांनी ‘जेंटल रिमाइंडर’.

एवढं करूनही काम होत नसेल तर आडनाव बघा. मला खासगी मेसेज आला : ‘सर, आपणही मराठीच दिसता. जरा रिव्ह्यूड-बाय देऊन टाका ना, रिलीज अडकलीय.’

देऊन टाका? सत्यनारायणाचा प्रसाद आहे का तो? रिव्ह्यूड-बाय म्हणजे ‘मी तपासलंय’ असं सांगणारी ओळ. त्या ओळीत माझं नाव लागतं. कुणाचा सर्व्हर रात्री तीनला लटकला तर लोक ते नाव शोधत येतात. तुम्ही तोवर पुढच्या प्रॉडक्टवर गेलेले असता, मेंटेनर्स फाइलमधला, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतला, तुमचा पत्ता बंद पडलेला असतो आणि कोड मात्र तिथंच राहतो. २०२२ साली नॅपी (पॅकेट गठ्ठ्यानं उचलण्याची कर्नलची सोय) जोडायच्या फंक्शनमधला वेटचा आर्ग्युमेंट काढला, तेव्हा झाडून सगळे ड्रायव्हर बदलावे लागले. ते काय कार्ड विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं येऊन आपापले बदलले? एका माणसानं एका पॅचमध्ये सगळे बदलले. उद्या तुमच्या १८ हजार ओळींतून असंच कुणाला तरी वाट काढावी लागणार आहे, हातात तुमचं कार्ड नसताना.

तुमच्या टीममध्ये बारा जण आहेत. या तीन आवृत्त्यांतली एकही पाठवण्याआधी बारांपैकी एकानं तरी दुसऱ्याचा कोड वाचला होता का? दुसऱ्या कुणाचा एखादा पॅच तुम्ही कधी तपासलात? नाही. रांगेत मात्र पुढं उभं राहायचंय. लाज वाटू द्या जरा. मी तुमच्या कंपनीचा बिनपगारी क्यूए, म्हणजे तपासनीस, नाही.

आरसी-वन, म्हणजे मर्ज विंडो संपवणारी पहिली चाचणी आवृत्ती, यायला अजून नऊ दिवस आहेत. तोवर व्ही-फोर पाठवू नका. आणि ते एमस्लीप काढा.