टेलपाइपमध्ये बोट फिरवून बघा

काजळी हे डिझेलचं दुखणं, पेट्रोलवाल्यांनी निर्धास्त राहावं, असं गाड्यांच्या धुरावरच्या एका लेखात म्हटलंय. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांपुरतं ते बरंचसं खरं. तिथे पेट्रोल सिलिंडरबाहेर, व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं, हवेत मिसळायला उसंत मिळते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये, तोही 200-350 बार दाबाने, आणि मिसळायला जेमतेम काही मिलिसेकंद. सकाळी इंजिन गार असलं की थेंब पिस्टनच्या माथ्यावर बसतात, त्यांची पुरती वाफ होत नाही, मग ते तिथेच पणतीसारखे पिवळ्या ज्योतीने जळतात. काजळी येते ती इथून. इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन साचला की आणखी भर. माझ्या टर्बो पेट्रोलच्या टेलपाइपमध्ये बोट फिरवलं तर बाळाला तीट लावण्याइतकं काळं निघतं!

युरोपने 2017 पासून डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल मॉडेल्सना किलोमीटरला धुरातल्या 60 हजार कोटी कणांची मर्यादा घातली (आकडा बरोबर आहे, टायपो नाही), तेव्हा कुठे पेट्रोल गाड्यांना सर्रास फिल्टर बसू लागले. आपल्याकडे पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. त्यात कण कुणी मोजतच नाही.