ठरलं ते एवढंच

आमच्या घरात "या वेळी काहीही ठरवायचं नाही" हे ठरवायला तीन रात्री लागल्या.

चूक माझीच. मी हिशेबनीस माणूस. भाजी आणायला निघालो तरी परतीचा रस्ता माझा ठरलेला असतो. मागे महाबळेश्वरला गेलो तेव्हा मी एक्सेलमध्ये केलेल्या तक्त्यात 'सूर्यास्त – २० मिनिटं' अशी एक ओळ होती. विसाव्या मिनिटाला सूर्य अजून अर्धा वर होता आणि मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. घरी कोणीही पाहुणा आला की चहाच्या आधी हा प्रसंग दिला जातो.

म्हणून यंदा बायकोने अटी घातल्या. तक्ता नाही. बुकिंग नाही. 'किती वाजता' हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, पश्चिमेला जायचं आणि समुद्र आडवा आला की थांबायचं. दहावी संपवून अकरावीत गेल्यापासून कन्येचं आमच्याशी बोलणं कमी झालंय, पण या कल्पनेवर खूश होऊन तिने 'ठरलं नाही' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा काढला. महिनाभर आमच्याकडे राहायला आलेली माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या म्हणाली, "मला काय, न्याल तिकडे येईन. फक्त डबे माझे मी घेईन." मीही हो म्हटलं. एकच पानाचा छोटासा तक्ता गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात घडी करून ठेवला होता, पण तो वापरायचा नव्हता. नुसता असलेला बरा असतो. घरात गॅसचा भरलेला सिलिंडर असतो तसा.

तारीख होती १८ फेब्रुवारी २०२३. मुळशीचं पाणी मागे पडलं, ताम्हिणीची वळणं सुरू झाली आणि एका वळणावर गाडी थांबवून आम्ही डबा उघडला. बायको आणि कन्या 'पहिल्यांदा सुरमई की पापलेट' यावर वाद घालत होत्या. आत्याने शांतपणे साबुदाण्याची खिचडी पुढे केली.

"आज महाशिवरात्र आहे," ती म्हणाली.

गाडीत जी शांतता पसरली ती ताम्हिणीच्या दरीइतकी खोल होती. कालनिर्णय आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारीच लटकतं. पण काही ठरवायचं नाही म्हटल्यावर मी आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून चहा प्यालो होतो. आत्याने पिशवीतून दाते पंचांग काढलं आणि उरलेला निकाल वाचून दाखवला. आज शनिप्रदोषही होता. उद्या शिवजयंती. परवा सोमवती अमावास्या. वर्षभरातून गर्दीचे आणि उपासाचे तीन दिवस शोधून काढा म्हणून कोणी मला पगार दिला असता, तरी मला इतकी अचूक निवड जमली नसती.

"आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही म्हणालात ना, काही ठरवायचं नाही. मी कशाला बोलू?"

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला. तो रुंद करण्याचं काम २०११ साली सुरू झालं. कन्या २००६ची, म्हणजे ती साधारण पहिलीत गेली तेव्हा. तिचं शिक्षण आधी पुरं होईल असा आमच्याकडे अंदाज आहे. पुढे म्हसळ्यावरून श्रीवर्धन. इथे आत्याला पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव बघायचं होतं आणि रोठा सुपारी घ्यायची होती. पेशव्यांना तिने सात मिनिटं दिली, सुपारीला चाळीस. (वेळ मी लावली नव्हती. आपोआप लागते.)

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि निम्मा महाराष्ट्र आमच्याआधी पोचला होता. 'रूम आहे का' हा प्रश्न मी एकूण चौदा ठिकाणी विचारला. पहिल्या तीन ठिकाणी मालक हसले. पुढच्या ठिकाणी मालकांनी आतून बायकोला बोलावलं आणि "हे बघ, आज रूम विचारतायत" म्हणून मला दाखवलं. शेवटच्या ठिकाणी एक आजोबा कळवळून म्हणाले, "अहो, आम्हीच आज अंगणात झोपणार आहोत."

आता माझ्या रक्तदाबाची वेळ झाली होती, पण तेवढ्यात आत्याने प्रदक्षिणेची घोषणा केली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती फिरणं नव्हे. डोंगराच्या कपारीतून पायऱ्या खाली समुद्रात उतरतात आणि मग लाटांनी कोरलेल्या खडकांवरून, पाण्याच्या कडेकडेने वळसा घालून वर यायचं. भरती असेल तर ती वाट पाण्याखाली असते. मी लगेच मोबाइल काढला. भरती-ओहोटीची दोन ॲप माझ्याकडे आहेत. दोन्ही गोल गोल फिरत राहिली, कारण निम्म्या महाराष्ट्राने तेच केलं होतं.

"तेरा पाऊण पावणेदहा," आत्या म्हणाली.

"काय?"

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शिवरात्र आहे म्हणून चतुर्दशी धरू नकोस, ती आज रात्री आठनंतर लागते. दिवसभर त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाला भरती झाली, म्हणजे सहा तासांनी ओहोटी. आत्ता पाणी सगळ्यात खाली. चला."

आम्ही गेलो. वाट कोरडी ठणठणीत होती. लाटा लांब कुठेतरी आपापसांत बोलत होत्या. माझ्या हातातलं ॲप अजून फिरतच होतं. आत्या पाऊणकी चौथीत शिकली, पाठ न झाल्याबद्दल छड्या खाल्ल्या आणि पासष्ट वर्षांनी त्या छड्या मला लागल्या. गंमत म्हणजे कन्येने तिथेच खडकावर तिला सगळी पाऊणकी म्हणायला लावली. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. हेडफोन गळ्यात होते. कानात नव्हते.

मुक्काम मात्र मिळाला नव्हता. मग बागमांडल्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात जायचं ठरलं. ठरलं नाही, झालं. बोटीसाठी गाड्यांची रांग होती. आमच्यापुढे दोन गाड्या असताना बोट भरली, फळी वर उचलली गेली आणि ती निघाली. मी उतरून तिकीटवाल्याकडे गेलो.

"पुढची बोट किती वाजता?" बंदी असलेले ते दोन शब्द माझ्या तोंडून सुटले.

"आज वेळ नाही. भरली की निघते."

"पण अंदाजे?"

"भरली की," तो म्हणाला आणि त्याने शेंगदाणे पुढे केले.

वेसवीला उतरेपर्यंत सूर्य खाडीच्या तोंडाशी आला होता. वरच्या अंगाला बाणकोटचा किल्ला तांबूस दिसत होता. मी या वेळी सूर्यास्ताला एक मिनिटही नेमून दिलं नव्हतं, तरी तो झाला.

पुढचं गाव वेळास. नाना फडणविसांचं मूळ गाव आणि हल्ली कासवांचं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी किनाऱ्यावर वाळूत अंडी घालून निघून जाते आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येऊन समुद्राकडे पळतात. गावकऱ्यांनी २००२ पासून ही अंडी राखली आहेत, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चात घराघरांतून पाहुणे असतात. त्या शनिवारीही घराघरांतून पाहुणेच होते. एका अंगणात माझ्यासारखाच एक माणूस हातात कागद घेऊन उभा होता. पिल्लं नक्की कधी बाहेर येतात, असं विचारत होता. घरमालकीण म्हणाली, "बाहेर यायचं असेल तेव्हा येतात हो. काल कोणी आलं नाही." तो खचला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

शेवटी चहाच्या टपरीवरच्या एकाने फोन लावून केळशीला त्याच्या ओळखीच्या घरी विचारलं. रात्री नऊला पोचलो. काका कंदील नव्हे, मोबाइलचा टॉर्च घेऊन फाटकात उभे होते.

"खोली आहे, पण पंखा आवाज करतो."

"चालेल. भाडं किती?"

"राहा तर खरं."

या 'राहा तर खरं'ने मला रात्रभर छळायला हवं होतं. आकडा माहीत नसताना मी आजवर कुठे झोपलेलो नाही. पण काकूंनी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि कवठाची चटणी वाढली. सुरमईवाल्यांनी दोनदा मागून घेतलं आणि पंख्याचा आवाज मी फक्त पहिला गिरका ऐकला.

रविवारी काय केलं, हे कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. सकाळी घावने आणि चहा झाला. मग मी पडवीतल्या झोपाळ्यावर बसलो. घरामागे नारळी-पोफळीची वाडी होती. पंप सुरू झाला की पाणी पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात जायचं. एक आळं भरलं की काका फावड्याने माती सरकवायचे, पाणी पुढच्या आळ्यात. मी नऊ आळी भरताना पाहिली. दहावं भरताना पाहिलं का, आठवत नाही. मधून एखादं पिकलं पोफळ टप्पकन पडायचं. रस्त्यावरून शिवजयंतीची मुलांची मिरवणूक गेली. तीन ढोल आणि भगवा फेटा घातलेला एक अतिशय गंभीर छोटा शिवाजी. त्याची आई मागून पाण्याची बाटली घेऊन पळत होती. काकांनी सांगितलं की गावात याकूतबाबांचा दर्गा आहे आणि महाराज बाबांना मानत असत असं पूर्वीपासून सांगतात. दर्ग्यावर जायचं, महालक्ष्मीच्या देवळात जायचं, खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे तीही बघायची, असं जेवताना आमचं बोलणं झालं. शिवाय संध्याकाळी हर्णैला माशांचा लिलाव असतो. काकांचं घर शाकाहारी, तेव्हा दोन दिवसांची सुरमई तिथे गाठायची हे मायलेकींनी पक्कं केलं. उकडीचे मोदक झाले, वालाचं बिरडं झालं, सोलकढी झाली. पाच मिनिटं पाठ टेकू, असं मी म्हणालो.

जाग आली तेव्हा उन्हं पडवीच्या खांबावर तिरपी आली होती. मला काही केल्या कळेना, ही संध्याकाळ आहे की दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी मनगट पाहिलं. घड्याळ आत खोलीत होतं. मी तसाच पडून राहिलो. असं मी शेवटचं कधी पडलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बहुधा आजोळी, गोवर आला होता तेव्हा. शेजारी चटईवर बायको गाढ झोपली होती. कन्या तिच्या पायाशी आडवी, आणि घडीच्या खुर्चीत आत्या बसल्या बसल्या, तोंड किंचित उघडं. लिलाव पाचचा होता. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा सव्वासहा झाले होते. कोणी कोणावर ओरडलं नाही. आमच्या घराच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

अंधार पडता पडता टेकडीवर मात्र गेलो. वाळू अजून गरम होती. कन्या वरून खाली घसरत आली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. खाली आल्यावर तिने विचारलं, "बाबा, उद्या थांबायचं?" मी ऑफिसला मेसेज टाकला. टाकला म्हणजे टेकडीच्या टोकावर हात वर करून चार वेळा पाठवला. 'काही घरगुती कारणास्तव सोमवारी येऊ शकत नाही.' खोटं काहीच नव्हतं.

सोमवारी आत्याचं सोमवतीचं स्नान आणि पिंपळाच्या प्रदक्षिणा उरकल्यावर निघालो. भाड्याचा आकडा काकांनी शेवटी सांगितला तेव्हा मीच घासाघीस केली. तो वाढवण्यासाठी. ते ऐकेनात. आत्याने त्यांना रोठा सुपारीची पुडी दिली. पुडीचा कागद ओळखीचा वाटला म्हणून वाकून पाहिलं. '११.४५ ते १२.१० – मंदिर (फोटोसह)' एवढं माझ्या अक्षरातलं घडीवर दिसत होतं. आत्या माझ्याकडे पाहत नव्हती.

वेसवीच्या जेट्टीवर या वेळी गर्दी नव्हती. बोट लागलेली होती आणि फळीवरचा मुलगा ओरडला, "एका गाडीची जागा आहे! घेताय?" आमची गाडी पहिलीच होती. पण बायको आणि कन्या समोरच्या टपरीत बसल्या होत्या, पुढ्यात अखेर तळलेले बोंबील आले होते, आणि माझ्या हातातला चहा नुकताच ओतलेला होता. मी हातानेच पुढे जा म्हटलं. मागची पुण्याची गाडी आमच्या शेजारून बोटीवर चढली.

तेवढ्यात आणखी एक गाडी येऊन उभी राहिली. त्यातून एक गृहस्थ धावत उतरले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला छापील कागद. निघून जाणाऱ्या बोटीकडे आणि माझ्या चहाकडे आळीपाळीने बघत ते म्हणाले, "अहो, पुढची किती वाजता?"

मी तोंड उघडणार, तोच मागच्या सीटवरून आवाज आला.

"त्यांना म्हणावं, आधी आज तिथी कोणती ते सांगा."