गुण यंत्राने दिले, दाद कुणाकडे मागायची?

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचा विषय निघाला की घरची मंडळी एकच विचारतात : एआय किती नोकऱ्या खाणार? जर्मनीत राहून मला दुसरी काळजी जास्त वाटते. ज्याची नोकरी टिकली, त्याचं अप्रेझल एआयने केलं तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

कॉल सेंटरचंच घ्या. पूर्वी क्वालिटी टीम प्रत्येक एजंटाचे मोजके कॉल ऐकायची. आता सॉफ्टवेअर सगळेच तपासू शकतं. हा फायदा खरा आहे. पण त्यात आधी आवाजाचा मजकूर होतो आणि गुण त्या मजकुराला मिळतात. ठाण्याचा ग्राहक एकाच वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी बोलतो. तिथे मजकूर चुकतो आणि ‘माहिती नीट दिली नाही’ हा शेरा एजंटाच्या नावावर चढतो. इन्सेंटिव्ह त्याचाच कापला जातो.

जर्मनीत कर्मचाऱ्यांवर नजर ठेवू शकणारी यंत्रणा आणायची, तर निवडून आलेलं कामगार मंडळ जिथे आहे तिथे त्याची संमती लागते. वाटाघाटी रेंगाळतात, हे मान्य. युरोपीय संघाने तर २ फेब्रुवारी २०२५ पासून आवाज-चेहऱ्यावरून कर्मचाऱ्याच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदी घातली; अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय डेटा वापरू देतो.

म्हणून कंपन्यांनीच हे करावं. पहिले तीन महिने गुण पगाराला जोडू नयेत. दोनशे कॉल दोन अनुभवी माणसांनी स्वतंत्रपणे तपासावेत, यंत्राचे गुण न बघता. आधी बघितले की मत तिकडेच झुकतं. मग त्यांचे गुण यंत्राच्या गुणांशी ताडून बघावेत आणि यंत्राचा निकाल भाषेनुसार वेगळा काढावा. इंग्रजी कॉल घेणाऱ्या शंभरातले ५० पास आणि मराठीवाल्या शंभरातले ३६, तर ३६ भागिले ५०, म्हणजे प्रमाण ०.७२ येतं. अमेरिकेत नोकरभरतीसाठी १९७८ पासून ०.८ चा दंडक आहे. त्याखाली गेलं की भेदभावाची शंका घेतात. इथेही तोच लावावा आणि दोष सापडेपर्यंत ते गुण बाजूला ठेवावेत.

एजंटाला रेकॉर्डिंग, मजकूर आणि गुण तिन्ही दिसावेत, आणि गुण बदलायचा अधिकार असलेल्या माणसाने सात दिवसांत उत्तर द्यावं. हे काम टीम लीडरकडे देऊ नये. त्याचं स्वतःचं टार्गेट याच गुणांवर ठरतं.