वाई एका दिवसात: क्रम बदला

वाईच्या एका दिवसाच्या सहलीवरचा लेख वाचला; त्यात वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर एकाच दिवसात दिलंय. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट चढूच नका, दिवस वाईलाच द्या.

पुण्याहून सहालाच निघा. जाताना खंबाटकी घाटाचा चढ लागतो (बोगदा परतीच्या वाटेवर). शनिवारी सकाळी तिथे ट्रकांमागे रांग लागते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडून जुन्या गाड्या तापतात. चढावर एसी बंद ठेवा. पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे.

आधी मेणवली, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा घाट उन्हाआधी बघून घ्या. दुपारी दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथली पोर्तुगीज घंटा घाटावरच आहे. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे पोरांचा हात सोडू नका.

मग वाईत, कृष्णेकाठी ढोल्या गणपती. दर्शन घेऊन लगेच फिरू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. ती भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर तिथे फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातो. लेखात याचा उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं! शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळा नंदीही चुकवू नका.

पावसाळ्यात धोम धरणाचं पाणी सोडलं की घाट बुडतात, तेव्हा निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा.