आमच्या जिन्याचा रिव्हर्ब

पाइप ऑर्गन घरात आणायचा तर आधी घर चर्चएवढं लागतं. तेवढं कोथरूडमध्ये परवडत नाही, म्हणून माझ्यासारखे लोक तो लॅपटॉपवर बसवतात. ग्रँडऑर्ग नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. युरोपातल्या एखाद्या ऑर्गनचा एकेक पाइप वेगवेगळा रेकॉर्ड करून त्याचा संच बनवलेला असतो. तो भरायचा, मिडी कीबोर्ड (दाबलेला स्वर संगणकाला कळवणारा) जोडायचा, की हॉलमध्ये ऑर्गन हजर.

संच साधारण दोन जातींचे, ओले आणि सुके. ओल्यात चर्चचं घुमणंही पाइपाबरोबर रेकॉर्ड झालेलं असतं आणि तो रॅम खातो गिगाबाइटांनी. सुक्यात माइक पाइपाच्या तोंडाशी धरलेला, घुमणं जवळपास नाहीच. फोनवर मित्राशी "ओला घेऊ की सुका" यावर माझी चर्चा चालली होती, तर बायकोने आतून ओरडून सांगितलं, हिरवा डबा आधी रिकामा कर. लॅपटॉपच्या ऐपतीप्रमाणे मी सुका घेतला.

सुका ऑर्गन वाजवून पाहा एकदा. शाळेत हजेरी चालल्यासारखं वाटतं, प्रत्येक स्वर उठतो, "हजर" म्हणतो आणि खाली बसतो. बाख या जर्मन संगीतकाराचं अख्खं पान वाजवून झाल्यावर आई म्हणाली, "झालं का ट्यूनिंग? आता वाजव काहीतरी." तिच्या मनातला ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण पायपेटी खरंच याहून बरी वाजली असती.

मोठ्या कॅथेड्रलमध्ये आवाज विरायला सहा-सात सेकंद सहज लागतात. आमच्या हॉलमध्ये अर्धासुद्धा नाही. हे मोजण्याचं शास्त्र वॉलेस सेबाइन या प्राध्यापकाने काढलं. 1895 साली हार्वर्डने नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात साडेपाच सेकंद घुमणाऱ्या आवाजामुळे व्याख्यानच कळेना. सेबाइन रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे पसरायचा, ऑर्गनचाच एक पाइप वाजवून स्टॉपवॉच लावायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. (हार्वर्डमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी नसावा.) त्याचं सूत्र सोपं आहे: घुमण्याचे सेकंद म्हणजे खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले 0.161, भागिले शोषण, म्हणजे आवाज गिळणारं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. आमचा हॉल बारा बाय दहाचा, उंची दहा फूट. सहा सेकंद हवे असतील तर सगळ्या खोलीचं मिळून शोषण एक चौरस मीटरच्याही आत हवं. आता एक माणूस सुमारे अर्धा चौरस मीटर खातो. म्हणजे मी वाजवायला बसलो आणि आई ऐकायला आली की खेळ खलास. दिवाण, पडदे, दोरीवरच्या चादरी हे हिशेबात धरलेलंच नाही. शिवाय उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के शोषण, आणि आमची खिडकी चार बाय चारची. ती बंद करण्याचा प्रस्ताव मे महिन्यात मांडला, तो एकमताने फेटाळला गेला.

उरला संगणकी उपाय, कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे दुसऱ्या जागेचं घुमणं उसनं आणणं. एखाद्या जागेत फुगा फोडायचा, तो आवाज विरेपर्यंत रेकॉर्ड करायचा, आणि ती फाइल सॉफ्टवेअरला द्यायची. मग तुम्ही वाजवलेलं सगळं त्या जागेत वाजल्यासारखं ऐकू येतं. सहा सेकंदांची फाइल असेल तर सरळ हिशेबाने आवाजाच्या प्रत्येक नमुन्यामागे (संगणक आवाज अशा बारीक तुकड्यांत मोजतो) 2,88,000 गुणाकार होतात, आणि नमुने सेकंदाला 48,000. सॉफ्टवेअर गणिती युक्तीने बरेच वाचवतं, तरी लॅपटॉपचा पंखा असा काही फिरला की ऑर्गनच्या भात्याची उणीव भरून निघाली.

तयार फाइली मिळतात. पण मला फाइल पुण्याचीच हवी होती. घुमण्याच्या बाबतीत आपली मंगल कार्यालयं कॅथेड्रलच्या तोडीची आहेत, मंगलाष्टकातलं 'सावधान' सोडून एक अक्षर कुणाला कळत नाही. एका कार्यालयात विचारायला गेलो. व्यवस्थापकांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "फुगा सकाळच्या सत्रात फोडणार की संध्याकाळच्या?" दोन्हींचे दर वेगळे होते. डेकोरेशन बाहेरचं चालणार नव्हतं, आणि फुगा डेकोरेशनमध्ये मोडत होता.

मग राहिला आमच्या बिल्डिंगचा जिना. चार मजले, कडाप्पाच्या पायऱ्या, नुसत्या भिंती, शोषायला कुणाच्या तरी चपला तेवढ्या. शांतता हवी म्हणून दुपारी अडीचची वेळ धरली. रेकॉर्डर कठड्याला बांधला, फुगा टम्म फुगवला, टाचणी लावली. आवाज असा सुंदर घुमत वर गेला की माझ्या अंगावर काटा आला. आणि तो विरायच्या आत दुसऱ्या मजल्यावरून आजोबांचा खर्जातला सवाल आला, "कोण आहे रे तिकडे?"

दुसरा फुगा फोडायची माझी छाती झाली नाही. तीच फाइल ग्रँडऑर्गला दिली. लांब स्वर धरला तर ठीक, सगळं एकमेकांत मिसळून भारदस्त लागायचं. पण पाच-सहा स्वर एकदम टचकन दाबून सोडले की जिना घुमायचा आणि पाठोपाठ ऑर्गन पाइपांच्या घोगऱ्या आवाजात विचारायचा, कोण आहे रे तिकडे. बोलणं तेच, फक्त मी दाबलेल्या स्वरांत. रिव्हर्बच्या सेटिंगमध्ये फाइलची लांबी कमी करता येते, ती केली. प्रश्न गेला, पण निम्मा जिनाही गेला.

बातमी बायकोमार्फत दुसऱ्या मजल्यावर पोचली. रविवारी आजोबा स्वतः वर आले. मी क्षमा मागायच्या तयारीत होतो, तर ते कीबोर्डशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ऐकवा, न कापलेलं." मी मुद्दाम खालचे स्वर दाबून सोडले. ऑर्गनने विचारलं. आजोबांनी डोळे मिटून पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"आवाज बरा लागलाय," ते म्हणाले, "पण 'तिकडे' फार घाईत आलंय. झोपेतून उठलो होतो ना. उद्या फुगा घेऊन या, मी चहा घेऊन तयार राहतो."