नुसता आकडा सांगा

एप्रिल लागला की साहेबांना सर्व्हरच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. "किती तापलाय हो? फार खोलात नका जाऊ, नुसता आकडा सांगा." आकडा सांगायला माझी ना नाही. पण त्याच खोक्याला हा प्रश्न तीन-चार ठिकाणी विचारता येतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं.

पहिलं ठिकाण म्हणजे लिनक्स, सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम. तापमान वाचणारं एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकायचं आणि रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन सेन्सर्स-डिटेक्ट चालवायचं. हा प्रोग्राम बोर्डावरच्या चिपा हुडकण्याआधी परवानगी मागतो आणि वर 'हे सहसा सुरक्षित असतं' असा दिलासाही देतो. त्या 'सहसा'पाशी भल्याभल्यांचं बोट एंटरवर अडखळतं. तरी एंटर मारत जायला हरकत नाही, फक्त शेवटच्या प्रश्नाला थांबा. सापडलेले मोड्यूल, म्हणजे त्या चिपांचे ड्रायव्हर, कायमचे नोंदवू का, असं तो विचारतो आणि डेबियन-उबुंटूवर तिथं नुसत्या एंटरचा अर्थ 'नको' असा होतो. प्रोसेसरचं मोड्यूल, म्हणजे इंटेलचं कोअरटेम्प किंवा एएमडीचं के-टेन-टेम्प, बहुधा आपोआप चढतं. पण मदरबोर्डवरच्या चिपचं मोड्यूल रीबूटनंतर गायब होतं आणि पंख्यांचे आकडेही त्याच्याबरोबर जातात.

मग 'सेन्सर्स' एवढीच कमांड द्यायची. इंटेलवर 'पॅकेज' नावाची ओळ असते, ती अख्ख्या प्रोसेसरची. खाली एकेका कोअरची. कोअर चारनंतर एकदम आठ आला तर मधले कुणी पळवलेले नसतात, क्रमांकच तसे असतात. स्क्रिप्ट लिहायची हौस असेल तर लिनक्स जिथं सेन्सरांचे आकडे मांडतं त्या एचडब्ल्यूमॉनच्या फाइली थेट वाचता येतात. तिथं 57000 दिसलं तर फायर ब्रिगेडला फोन करू नका, ते सहस्रांश अंशांत असतं, म्हणजे 57. आणि 'एचडब्ल्यूमॉन दोन' असा क्रमांक स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नका. रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो आणि तुम्ही मोठ्या निष्ठेनं डिस्कचं तापमान नोंदवत बसता. शेजारची 'नेम' फाइल वाचून मगच हात घाला.

'सेन्सर्स'च्या याच यादीत एसीपीआयटीझेड नावाचं एक पात्र भेटतं, म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरनं सांगितलेलं तापमान. कित्येक बोर्डांवर ते 27.8 म्हणतं. सकाळी 27.8, बॅकअप चालू असताना 27.8, चंद्रपुरात मे महिन्यातही 27.8. साहेबांना फक्त खूश करायचं असेल तर हा आकडा उत्तम.

दुसरं ठिकाण बीएमसी, म्हणजे सर्व्हरच्या पोटातला वेगळा छोटा संगणक. त्याला आयपीएमआयटूल या कमांडनं विचारायचं. काही बोर्ड सरळ अंश सांगतात. काही जुने बोर्ड आकडा देतच नाहीत, कपाळाला हात लावून 'थोडी कणकण आहे' म्हणणाऱ्या आजीसारखं नुसतं 'लो' किंवा 'मीडियम' म्हणतात. आणि काही सांगतात: उणे 43. नागपुरात, भर उन्हाळ्यात! हा आकडा साहेबांपर्यंत पोहोचला की एसी बंद करण्याचा हुकूम निघतो.

खरं तर सगळ्यांत प्रामाणिक उत्तर तेच. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर मुळात कमाल तापमानाची मर्यादा गाठायला किती अंश उरलेत तेवढंच मोजतो. मर्यादा 100 असेल आणि 43 उरले असतील तर ड्रायव्हर वजाबाकी करून तुम्हाला 57 दाखवतो. म्हणून साहेबांनी आकडा मागितला की मी उरलेले अंश सांगतो. ते त्यांना आवडत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकात, मात्र विचारूच नका. तिथं सेन्सर नसतो, ते ज्या खऱ्या मशीनवर चालतं त्या होस्टवर जा.

आता हा आकडा बरा की वाईट? भर कामात 75 असलं तर मी चहाला जातो. पाहायचा तो थ्रॉटल काउंट. उष्णतेमुळे वेग कमी करावा लागला की तो वाढतो. बूट झाल्यापासूनची ती बेरीज असते, तेव्हा दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा वाचा. वाढत असेल तर 'सर्व्हर हळू चालतो' ही अकाउंट्सवाल्यांची तक्रार खरी आहे. टर्बोस्टॅट या कमांडवर मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, आणि अंश शेजारीशेजारी दिसतात. अंश चढून मेगाहर्ट्झ उतरले की गुन्हेगार सापडला.

यावर एक उत्साही गृहस्थ हमखास म्हणतो, "झाकण काढा, हवा लागू दे." चालू सर्व्हरचं झाकण काढलं की पंख्यांची हवा प्रोसेसरवरच्या उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकमधून जायचं सोडून वरून निसटते आणि प्रोसेसर उलट तापतो. आतलं हवेला वाट दाखवणारं काळं प्लास्टिकचं डक्ट फालतू समजून कपाटावर टाकणारेही याच पंथाचे.

आधी इनलेटचं तापमान बघा, म्हणजे पुढून आत शिरणाऱ्या हवेचं. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे. खोली 5 अंशांनी तापली तर त्याच कामाला, पंख्यांचा वेग तोच राहिल्यास, प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. दुरुस्ती मग प्रोसेसर आणि हीटसिंकमधल्या थर्मल पेस्टची नसते, खोलीची असते. आपल्याकडे सर्व्हर यूपीएसवर असतो आणि एसी नसतो. वीज गेली की सर्व्हर ऐटीत चालू आणि खोलीची भट्टी. शनिवारी वॉचमन काकांनी काटकसर म्हणून एसी बंद केला तरी परिणाम तोच.

म्हणून मर्यादेच्या 10-15 अंश अलीकडे इशारा लावा. फक्त तो मेल त्याच सर्व्हरवरून पाठवू नका, कारण उष्णतेनं तो बंद पडला की मेल पाठवायला उरतं कोण? बीएमसी स्टँडबाय विजेवर जागा असतो, ते काम त्याला द्या. आणि त्याच्या नेटवर्कची केबल जोडलेली आहे ना, ते मागे वाकून एकदा बघा.