पासवर्ड फुटलाय असं फोन सांगतो तेव्हा

परवा आईचा फोन आला, आवाज घाबरलेला. "अगं, मोबाईलवर आलंय की तुमचा पासवर्ड लीक झालाय, मी कशाला हातच लावला नाही, फ्रॉडच असणार." तिचं कौतुकच वाटलं, कारण असल्या मेसेजला हात लावू नको हे आम्हीच तिला शंभरदा सांगितलंय. पण ही वॉर्निंग खरी होती, गूगलच्या क्रोम ब्राउझरची स्वतःची. २०१९ च्या शेवटापासून क्रोममध्ये आणि २०२० पासून आयफोनमध्ये ही सोय आहे, आणि आपण सगळे ती "ओके" करून घालवतो.

पासवर्ड फुटतो म्हणजे पेपर फुटतो तसंच. चूक आपली नसते, कुठल्यातरी साइटचा डेटा चोरीला जातो आणि यादी फिरत राहते. लिंक्डइनमधून २०१२ ला चोरीला गेलेले ११ कोटींवर पासवर्ड २०१६ मध्ये विकायला आले होते, म्हणजे चार वर्षांनी! मग चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी प्रोग्रॅम लावून दुसऱ्या शेकडो साइटवर चालते का बघतात. आईचा एकच पासवर्ड सात ठिकाणी होता, नातीचं नाव आणि जन्मसाल. त्यातली एक जुनी शॉपिंग साइट फुटली, धोका मात्र ईमेललाही.

"म्हणजे गूगल माझा पासवर्ड वाचतं?" असं तिने विचारलं, प्रश्न अगदी रास्त आहे. पासवर्ड आहे तसा कुठेच जात नाही. पासवर्ड फुटलाय का ते तपासून देणारी ट्रॉय हंटची 'हॅव आय बीन पॉन्ड' नावाची साइट आहे, तिथे तर पासवर्डपासून ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे एक सांकेतिक ठसा, बनतो, त्यातली पहिली ५ अक्षरंच पाठवली जातात, तशी सुरुवात असलेले फुटलेले सगळे हॅश परत येतात आणि जुळणी आपल्याच मशीनवर होते. क्रोमची पद्धत जरा वेगळी, पण तिथेही आधी एन्क्रिप्ट करूनच पाठवतात.

माझी तक्रार एवढीच की आपण घरच्यांना फक्त "हात लावू नको" शिकवलं, खरं-खोटं कसं ओळखायचं ते शिकवलंच नाही. वॉर्निंग आली की तिच्यावर टॅप करू नका, स्वतः गूगल पासवर्ड मॅनेजर उघडून चेकअप करा, आयफोनवर पासवर्ड्समध्ये बघा. तिथे तीच नोंद दिसली तर खरी. बदलायलाही त्या साइटवर स्वतःच जायचं. आणि फोनचा लॉक १२३४ ठेवू नका हो, सगळ्या किल्ल्या आता त्याच कपाटात आहेत.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोन तास बसलो, आधी ईमेल, मग बँक, मग गॅसचं बुकिंग. चार अजून राहिलेत, रविवारी करू म्हणाली.